मऊ भाताचं पथ्य

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पण रक्तातली साखर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरीणबाईंनी ते पुढं ढकललं. "साखर उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही," म्हणाल्या. मला असा राग आला! मी काय जिलब्या झोडत होते? दाढा काढल्यापासून माझं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण: मऊ भात, पातळ वरण, दुधात कुस्करलेली पोळी आणि संध्याकाळी संत्र्याचा रस. तापकऱ्याला आपण हेच देतो ना? म्हणजे पथ्यच की! ते मी इतक्या निष्ठेनं पाळलं, की ताटभर भात बघता बघता पोटात जायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा भूक लागायची. मग पुन्हा पथ्य.

हे सगळं मी त्यांना छाती फुगवून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, चावायला काही ठेवलंच नाही तुम्ही! असं मऊ मऊ गिळलं की साखर भराभर चढते, आणि पोट भरल्याचं कळायच्या आत ताट रिकामं होतं. दात बसवले नाहीत का?"

बसवले होते ना. कवळी कपाटात, डबीत सुखरूप होती. घातली की बोलताना टकटक वाजायची, मध्येच शीळही निघायची. मी जन्मभर शाळेत पोरांना दमात ठेवलेली बाई. शीळ घालत कोणावर डाफरणार? चावायचं की बोलायचं, असा प्रश्न होता, आणि मी बोलायचं ठरवलं होतं.

बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटवर परत आल्यावर आमच्या ह्यांनी डबी माझ्यासमोर आणून आपटली. "काहून वं, तुले चालायचं हाय का नुसतं बोलायचं?"

झालं, बसवली कवळी. ताटात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, काकडीच्या फोडी. चावता चावता जबडा दुखून आला. भाकरी ही इतकी वेळखाऊ वस्तू आहे, हे मी पार विसरले होते. अर्ध्या भाकरीतच पोट भरलं. माझ्यासारख्या खाणाऱ्या बाईला हा अपमानच वाटला.

तोंड असं गुंतल्यावर घर शांत झालं. हे आधी घाबरले, मला बरं नाही की काय म्हणून. मग त्यांच्या ध्यानात आलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच आपलं वाक्य पूर्ण होतंय. बोलतच सुटले! त्यांच्या ऑफिसचे जे किस्से मी नेहमी अर्ध्यात तोडायचे, त्यांचे शेवट आता कुठे मला कळले. काही तर खरंच मजेदार होते, काय सांगू.

साखर हळूहळू उतरायला लागली. पुढच्या तपासणीत बरी निघाली तर ऑपरेशनची तारीख मिळणार होती. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवताना हे एकदम म्हणाले, "उद्या साखर बरी निघाली पायजे वं. मी रोज संध्याकाळी फिरायले जातो म्हणतो ना तुले? नाही जात. खाली गेटापाशी बाकावर बसून राहतो अन् वर येतो. एकट्यानं चालाले करमतच नाही मले."

तोंडात घास होता. नसता तर 'इतके दिवस खोटं बोलून राहिले होते का?' म्हणून चांगली भांडले असते. डोळे भरून आले. मी नुसती चावत राहिले, आणि तो घास काही केल्या गिळवेना.