शेवटच्या गाडीचे दोन हॉर्न

दाजींना दाजी म्हणण्याचा हक्क खरं तर एकट्या त्यांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. पण त्याने मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप काढला आणि पहिल्याच रविवारी सगळ्यांसमोर "दाजी, तुम्ही शेवटी राहा" अशी हाक मारली, तेव्हापासून अख्खा ग्रुप त्यांना दाजी म्हणू लागला. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दाजींहून वयाने मोठे होते, तेही म्हणायचे. एवढे मेहुणे वाट्याला आलेला माणूस दुसरा कोणी नसेल. पाठीमागे मात्र त्यांना वेगळं नाव होतं. ते नाव होतं 'थांबा'.

त्याला कारणही तसंच होतं. ग्रुपचा एक नियम होता. शेवटच्या गाडीने दोन लांब हॉर्न दिले की पुढच्याने तेच दोन हॉर्न द्यायचे, मग त्याच्या पुढच्याने, असं करत ते सगळ्यात पुढे मेहुण्यापर्यंत पोचवायचे आणि जागा बघून थांबायचं. हा हॉर्न म्हणे अडीअडचणीसाठी होता. दाजी तो ऊठसूट वाजवायचे. कधी त्यांना लघवीला लागलेली असायची, कधी गुडघा धरलेला असायचा, कधी हेल्मेटमध्ये काहीतरी शिरलेलं असायचं. सगळे थांबायचे, कुरकुरायचे, पाणी प्यायचे, हातपाय झटकायचे आणि दाजी झाडामागून परत आले की त्यांची टर उडवत पुन्हा निघायचे. "दाजी, तुमच्या टाकीपेक्षा गाडीची टाकी बरी," हा विनोद तर इतका झिजला होता की दाजी स्वतःच तो आधी म्हणून टाकायचे.

दाजींचा धंदा सीटा आणि गाद्या शिवण्याचा. अरुंद दुकान, छतापर्यंत रचलेल्या फोमच्या लाद्या, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, दाराशी शिलाई मशीन आणि पोट फाडून ठेवलेला कुणाचा तरी सोफा. जन्मभर माणसांच्या बुडाखालचं काम केल्यामुळे बसण्यात कुठे काय दुखतं हे त्यांना कळायचं. आलेल्या सीटचा कुठला भाग दबलाय यावरून हा माणूस मागच्या खिशात पाकीट ठेवून गाडी चालवतो हे ते सांगायचे. पण गिऱ्हाइकाने विचारलं तरच. ग्रुपात त्यांना कोणी विचारायचं नाही, कारण सगळ्यांना सगळं येत होतं.

आणि सगळ्यात मागे असल्यामुळे दाजींना दिवसभर दिसायच्या त्या पाठी. ताजी पाठ कशी असते, दमलेली कशी होते, हे त्यांना तोंडपाठ होतं. आधी माणूस सीटवर सरकायला लागतो, मग एक पाय खाली सोडून हलवतो. पुढे कोपर ताठ होतं, खांदे कानाला लागतात, आणि हेल्मेट एका बाजूला कलायला लागलं की समजायचं, हा आता रस्ता बघतोय पण त्याला दिसत नाहीये. एवढं झालं तरी एकही पठ्ठ्या हॉर्न द्यायचा नाही. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं, हे कोणाला नको असायचं. मग दाजींना लघवीला लागायची.

शाळेतल्या बाई ग्रुपात नव्या आल्या तेव्हाची गोष्ट. त्यांनी खास प्रवासासाठी गुबगुबीत गादी लावून घेतली होती आणि पहिल्या तासातच त्यांची पाठ दाजींना सगळं सांगू लागली. दोन हॉर्न गेले. दाजी नेहमीप्रमाणे हातमोजे काढून, हेल्मेट आरशाला अडकवून झाडामागे जाऊन आले. सोंग घ्यायचं तर ते नीट घेतलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. येताना ते बाईंच्या गाडीपाशी रेंगाळले.

"बाई, ही गादी काढा. मऊ आहे म्हणून फसू नका. थोड्या वेळात माणूस तिच्यात खाली बसतो आणि मग सगळा भार हाडावर."

"अहो, मी चांगली महागातली घेतलीय."

"घरी खुर्चीवर ठेवा, टीव्ही बघायला छान आहे. आणि मूठ इतकी घट्ट धरू नका. गाडी पळून जात नाही कुठे."

बाईंनी गादी काढली आणि उरलेला रस्ता त्या सुखाने गेल्या. आपल्यासाठीच सगळे थांबले होते, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

पण दाजी सगळ्यात जास्त वेळा थांबले ते बाईंसाठी नव्हे. ते थांबायचे मेहुण्यासाठी. मेहुण्याचं टायरचं दुकान, आवाज मोठा, छाती पुढे, आणि गाडी सगळ्यांच्या पुढे. त्याचा उजवा हात मात्र तासाभरात बधिर व्हायचा. तो हळूच हात खाली सोडून मांडीआड झटकायचा. कोणाला दिसत नाही असं त्याला वाटायचं. रस्ता वळला की रांगेच्या शेवटी असलेल्या दाजींना ते स्वच्छ दिसायचं.

समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंत जायचं ठरलं, तेव्हा मेहुणा एका दुपारी दुकानात आला. अर्धवट भरलेल्या खुर्चीत बसला आणि आत रुतला.

"दाजी, या वेळी लांबचा पल्ला आहे."

"माहितीय. गाडीचं तेल बदललं कालच."

मेहुण्याने चहाचा कप या हातातून त्या हातात घेतला. "नाही, म्हणजे, सगळ्यांचं म्हणणं आहे की या वेळी न थांबता मारायचं. तुम्हाला त्रास होईल उगाच."

"सगळ्यांचं म्हणणं आहे?"

"माझंही आहे," मेहुणा म्हणाला. "राग मानू नका. पुढच्या वेळी या."

दाजींच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. एका वाक्यात मेहुण्याचा आवाज खाली आला असता. पण त्या वाक्यानंतर तो पुन्हा सगळ्यांच्या पुढे कुठल्या तोंडाने गाडी घालणार? दाजी "बरं" म्हणाले. मेहुणा गेल्यावर त्यांनी घातलेली शिवण वाकडी गेली, ती उसवावी लागली. त्यांना वाईट वाटलं होतं, चांगलंच वाईट वाटलं होतं. आठवडाभर सोफ्यांची पोटं फाडणाऱ्या माणसाला तो एक मोकळा रस्ता होता, आणि तोही गेला.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. तिचा हात वाटीतच थांबला.

"लघवीचं कारण? अहो, तुम्ही सिनेमा संपेपर्यंत जागचे हलत नाही. सांगून का नाही टाकलं त्याला?"

"काय सांगू? तुझा हात बधिर होतो म्हणून मी झाडामागे जातो, असं?"

"हो, असंच."

"नको. तोंड पडेल त्याचं. आणि तूही बोलू नकोस."

बायको बोलली नाही. तिच्या स्वभावाच्या मानाने हा पराक्रमच होता.

ग्रुप गेला. दाजींनी त्या दिवशी दुकान उघडं ठेवलं आणि एका रिक्षाची सीट दोनदा शिवली. ग्रुप परत आल्यावर दुकानात पहिल्या आल्या त्या बाई, चालणं जरा जपून.

"काय सांगू दाजी. पोलीसकाकांना शेवटी ठेवलं होतं. ज्याला थांबायचं त्याने हॉर्न द्यायचा, असं ठरलं होतं. एकानेही दिला नाही. माझी कंबर गेली होती, तरी मी म्हटलं, मागून येईलच आता हॉर्न. संध्याकाळी कळलं, सगळेच मागून यायची वाट बघत होते. पोलीसकाका तर म्हणाले, माझ्या मागे कोणीच नाही हे मी विसरूनच गेलो."

दाजींना हसू आलं. "आणि आमचे मेहुणे?"

बाईंनी मान खाली घातली. मेहुणा पेट्रोल पंपावर पडला होता. गाडी चालण्याच्याच वेगात होती, ब्रेक दाबायला गेला तर बोटं मिटलीच नाहीत. पाण्याच्या पिंपावर जाऊन आडवा झाला. मनगट मोडलं. गाडी टेम्पोत घालून आणली.

दाजी आणि बायको त्याला बघायला गेले. मेहुणा प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. पंपावर तेल सांडलेलं होतं, असं तो रंगवून सांगू लागला. बायकोने निम्मं ऐकलं, आणि मग तिचा पराक्रम संपला.

"तेल कसलं सांडतंय? हात बधिर झाला तुझा. दरवेळी होतो. हा माणूस इतकी वर्षं तुझ्यापायी स्वतःची थट्टा करून घेतोय, आणि तू त्यालाच घरी बसवलंस."

"अगं, गप," दाजी म्हणाले.

मेहुणा दाजींकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले. निघताना तो दारापर्यंत आला. "तुम्हाला दिसायचं?" त्याने विचारलं.

"वळणावर," दाजी म्हणाले. "हँडल जरा उंच करून घे. आणि सीट आणून टाक दुकानात, पुढे उतार आहे तिला. सगळं वजन मनगटावर येतं तुझं."

प्लास्टर निघालं, सीट नवी झाली. दाजींना परत बोलवायला मेहुण्याला बाकीच्यांना फार पटवावं लागलं नाही, सगळ्यांच्या कंबरा आधीच बोलल्या होत्या. झाडामागचं खरं मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. दाजी पुन्हा शेवटी, पुन्हा दोन हॉर्न, पुन्हा टाकीचा विनोद.

एवढंच की वय कोणाला चुकत नाही. दिवसभर मांडी घालून खिळे ठोकल्यावर दाजींचा गुडघा आता खरोखरीच धरू लागला. परवा डोंगरातल्या लांब रस्त्यावर तो असा धरला की गिअर टाकताना दात ओठ खावे लागले. पुढच्या पाठी सगळ्या ताज्या होत्या. इतक्या वेळा दुसऱ्यांसाठी हॉर्न दिलेल्या माणसाला स्वतःसाठी मात्र बटणावर अंगठा ठेववेना. आत्ताच तर थांबले होते सगळे, चाललेत मजेत, कशाला, असं म्हणत ते सीटवर सरकले, एक पाय सोडून हलवला, पुन्हा सरकले. त्यांची पाठ बघायला मागे कोणी नव्हतं.

रस्ता मोठं वळण घेऊन आपल्याच अंगावर फिरला. रांगेचं पुढचं टोक मागच्या टोकासमोर आलं. मेहुण्याचं हेल्मेट क्षणभर दरीपलीकडून दाजींच्या दिशेला वळलं. मग त्याने डावा हात वर केला आणि गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"लागलीय," मेहुणा मोठ्याने म्हणाला. "जोरात."

सगळे हसले. पोलीसकाका म्हणाले, "घ्या, सासुरवाडीलाही लागण झाली." मेहुणा उत्तर न देता झाडामागे गेला. दाजी उतरले, दगडावर बसले आणि पाय लांब करून गुडघा चोळू लागले. चांगला चोळून होईपर्यंत मेहुणा काही बाहेर आला नाही. आला तेव्हा दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला, दोन्ही हातात हातमोजे जसेच्या तसे.

दाजी उठले. गाडीकडे जाताना त्याच्याजवळून गेले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

"पुढच्या वेळी हातमोजे काढून जात जा."