सीसी कोणाला टाकायचा

"बाई, त्याच्या वरच्याला सीसी टाका. कसा नाय धावत ते बघू," दिलावरभाई म्हणाले.

दिलावरभाई आमचे मालक. गाव रायगडात, गोडाऊन इकडे आखातात, राईच्या औद्योगिक वस्तीत, धंदा गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा. माझं काम ब्रँड प्रोटेक्शन. म्हणजे आमच्या मार्काचा नकली माल कोण बनवतो ते शोधून बंद पाडायचं. या वेळी ब्रेक पॅड होते. दिसायला अस्सल, पण तापले की भुगा. आम्ही राहतो त्या अब्बासिया वस्तीतल्या एका कंपनी बसला तेच बसवलेले निघाले. बस सिग्नलला थांबलीच नाही. कुणाला लागलं नाही हे नशीब. रोज त्याच बसने माझा नवरा कामाला जातो, त्यामुळे मला झोप नव्हती.

कारखाना चीनमधल्या एका छोट्या शहरात सापडला. दुसरा कंटेनर तिथून निघायच्या बेतात होता. इथल्या कस्टम्सने अडवला, तर तो दुसऱ्या देशातून फिरून आला असता. तो तिथेच थांबवायला हवा होता. अधिकार तिथल्या बाजार निरीक्षकांचा, चेनसाहेबांचा. मी फोटोंसकट मेल केला. मालकांच्या हट्टापायी चेनसाहेबांच्या वरच्या साहेबांना सीसी. आपल्या ऑफिसांत हे ब्रह्मास्त्र समजतात.

चेनसाहेबांनी उत्तर देणंच बंद केलं.

शेवटी मी विनवण्या करून व्हिडिओ कॉल मिळवला. त्यांची दुभाषी शेजारी बसली होती.

"तुमचा मेल माझ्या साहेबांनी मला वाचून दाखवला," चेनसाहेब शांतपणे म्हणाले.

मी घाईघाईने म्हणाले, "साहेब, तक्रार नाही, मदत मागतेय. तुमच्याकडे अस्सल माल करणारे कितीतरी कारखाने आहेत. एका माणसापायी सगळ्या शहराचं नाव जातंय."

त्यांनी माझे फोटो पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "शोध आमच्या ऑफिसने लावला, असं रिपोर्टमध्ये येईल."

"जरूर," मी म्हणाले.

कॅमेऱ्याबाहेर दिलावरभाई कुजबुजले, "मेहनत आपली नि नाव त्याचा?"

मी माइक बंद केला. "दिलावरभाई, आपल्याला नाव हवंय की ब्रेक?"

त्यांनी सुस्कारा सोडला आणि चहा मागवला.

कंटेनर निघालाच नाही. कारखान्याला टाळं लागलं, साचे जप्त झाले. नवरा अजून त्याच बसने जातो आणि मी आता निवांत झोपते.

चेनसाहेबांना आभाराचा मेल मीच लिहिला. दिलावरभाईंनी तो वाचला आणि म्हणाले, "आता त्याच्या वरच्याला सीसी टाका."

या वेळी मी त्यांना हट्ट करू दिला नाही. आधीच टाकला होता.