सुभद्राबाईंच्या मागावरची ट्यूब

सुभद्राबाईंना वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाच्या आधी प्रश्न यायचा. "ग्रहण लागणार हे पंचांगवाल्याले आधीच कसं समजते गा?" उत्तर दिलं की त्याच्या शेपटाला दुसरा. गोळीबार चौकामागच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत लोक त्यांना पाहून वाट बदलायचे. मी बदलत नसे. मला त्यांचे प्रश्न आवडायचे, आणि तसाही मी रिकामटेकडाच होतो.

त्र्याहत्तर साली इतवारीतल्या व्यापाऱ्याने त्यांचं लुगडं परत पाठवलं. काठात धागे चुकले होते. नवरा गेल्यापासून माग त्याच चालवत आणि असं कधी झालं नव्हतं. मुलगा मनोहर मिलमध्ये कामाला. अर्धं घर अडवणारा माग त्याला नकोच होता. गिऱ्हाईकसुद्धा त्याने हेरून ठेवलेलं.

"माय, आता बस्स झालं. विकून टाकू."

"लुगडं दिव्यानं बिघडवलं. बल्ब पाय ना, कसा मिणमिण करून राहिला!"

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"मंग अंगण सरळ करून दे. ट्यूब लाव. तरी मी चुकली, तं खुशाल विक माग. मी तोंड उघडणार नाही."

आईने तोंड न उघडण्याचं वचन दिल्यावर कोणता मुलगा नाही म्हणेल? रविवारी सकाळी वायरमन रुपराव शिडी घेऊन हजर झाले. मागाच्या खोलीला खिडकी नव्हती, दिवसाही दिवा लागायचा. कंदिलाच्या उजेडात काम सुरू झालं. मीही जाऊन उंबऱ्यात बसलो.

वायरी बाईंच्या सासऱ्यांच्या काळातल्या, वरून कापडाचं वेष्टन, भिंतीभर लाकडी पट्टी. रुपरावांनी मेन बंद करून पट्टी उघडली आणि कपाळाला हात लावला. जिथे जिथे वायर तुटली होती, तिथे तिथे घरच्यांनी ती धाग्यासारखी सांधली होती. छान बारीक विणकरी गाठ, वरून सुताचे वेढे. काही ठिकाणी तर रेशमाचे! सगळं सूत जळून काळं पडलेलं.

"घर पेटलं कसं नाही, हेच नवल हाये," रुपराव म्हणाले. "या वायरीवर मी ट्यूब लावत नाही. सगळीच बदलवा लागते."

बाईंना घराची भीती वाटलीच नाही. त्यांनी एक गाठ हातात घेऊन ओढून पाहिली. "गाठ तं पक्की हाये. मंग जळली काहून?"

"धागा सुटला नाही, का तुमचं काम झालं, बाई. करंटचं तसं नाही. तांब्याले तांबं घासून, लपेटून भिडवा लागते. टेकल्यासारखं ठेवलं, का तिथंच तापते."

"अन् आलेला करंट परत कुठी जाते?"

रुपरावांनी उत्तरं देत देत नव्या वायरी ओढल्या. दुपारी जेवणं झाल्यावर ट्यूब लागली. दोनदा लुकलुकली आणि खोली पांढरीशुभ्र झाली. बाईंनी तिला हात जोडले आणि लगेच मागावर बसल्या. मनोहर चूक पकडायला अगदी मांडीला मांडी लावून बसला. मला त्याचा रागच आला.

बाईंनी काठातला एक धागा मुद्दाम तोडला, सांधला, फणीतून ओढून घेतला. धोटा इकडून तिकडे गेला. वीतभर काठ उतरला, एक धागा चुकला नाही. मी मोठ्यानं "वा!" म्हणालो.

मनोहर मात्र काठाकडे पाहतच नव्हता. तो आईकडे पाहत होता. कोंबडी दाणा टिपताना करते तशी त्यांची मान सारखी तिरपी होती. त्याने हनुवटी धरून त्यांचा चेहरा ट्यूबकडे वळवला. डाव्या बुबुळावर जाड पांढरा पडदा आलेला होता.

"या डोळ्यानं दिसते का तुले?"

"नाही."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून."

"मंग सांगितलं काहून नाही वं, माय?"

बाईंनी धोटा मांडीवर ठेवला. "सांगितलं असतं, तं तू ट्यूब लावली असती, का माग विकला असता?"

आईची हनुवटी धरून मनोहर तसाच बसून राहिला.