चौथीच्या वर्गातली मेणबत्ती

भिवापूरकडच्या खेड्यातून नूपुर नागपुरात बीएस्सीला आली, पण वर्षभरात तिची कोणाशी म्हणून गट्टी जमली नाही. होस्टेलच्या मुली वाईट नव्हत्या हो, पण त्यांचे घोळके आधीच जमलेले आणि ही मुलखाची बुजरी. मेसमध्ये ताट घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसे. आई फोनवर विचारी, मैत्रिणी झाल्या का? ही ठोकून देई, खूप.

तिची वाट बघणारी माणसं होती ती एकाच जागी, लकडगंजमागच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात. कॉलेजनं सर्व्हिस लर्निंग काढलं होतं. दर शनिवारी लहान मुलांना विज्ञान शिकवायचं आणि नेमून दिलेले तास भरायचे. गटातल्या बाकीच्यांनी पहिल्या दिवशी फोटो काढले आणि जी दांडी मारली ती कायमचीच. दुसऱ्या शनिवारी नूपुर एकटी गेली. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून पेटवली, वर ग्लास पालथा घातला. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं आणि पोरं "बाप्पा बाप्पा!" करत बाकांवर चढली. तेव्हापासून ही पोरगी शनिवारच्या आशेवर आठवडा काढू लागली, आता बोला!

दिवाळीनंतर तिचे तास भरले. कॉलेजच्या सरांनी सांगितलं, आता नवी तुकडी जाईल, तू जाऊ नकोस. तिनं मान डोलावली, पण शनिवारी काही राहवेना. गेलीच.

वर्गात दोन नव्या मुली होत्या. पुढ्यात तीच ताटली, तोच ग्लास. कॉलेजच्या कपाटातून दर खेपेला तेच सामान निघतं. नूपुर दाराशीच थांबली. मेणबत्ती विझली आणि पोरं तश्शीच बाकांवर चढली. तोच गलका, फक्त जरा लवकर ओसरला. ती नळापाशी जाऊन सुट्टीची वाट बघत बसली.

सुट्टीत पुढच्या बाकावरची अस्मिता नळावर आली. नूपुरनं तिला गाठून विचारलं, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का? अस्मितानं सरळ सांगून टाकलं की दुसरीपासून ठाऊक आहे, सगळ्याच ताया हेच दाखवतात.

"मंग मले सांगितलं काहून नाही वं?"

"तुमी एकट्याच आल्या होत्या ना, ताई. तोंड उतरलं होतं तुमचं. म्हणून आमी जास्तीच ओरडलो."

एवढं बोलून ती वर्गाकडे पळाली. या अख्ख्या शहरात आपलं तोंड कोणीतरी नीट पाहिलं होतं, हे नूपुरला आज कळलं. आणि आता तिथं जायला तिच्याकडे एकही तास उरला नव्हता.