चिपमधली शिंक

आमची काकू श्रवणयंत्रं दुरुस्त करते. न्हाव्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मध्ये चेपून बसवलेलं तिचं दुकान एवढंसं आहे, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं बाहेरूनच ओरडायचं. आणि तिची गिऱ्हाइकं ओरडण्यात पटाईत. आलेलं यंत्र ती आधी रबरी नळी लावून स्वतःच्या कानानं ऐकते, आणि खरखर कुठून येते ते कळेपर्यंत तिला चैन पडत नाही. घरीही तेच. पाणी उकळायच्या आधी भांडं का गुणगुणतं, फ्रिज बंद होताना हुंदका का देतो, सगळ्याचं तिला ‘का’ हवं. लहानपणी आम्ही भावंडं तिला का-का-काकू म्हणायचो. ती रागवायची नाही. “का म्हणता?” एवढंच विचारायची.

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून कपाट हलवलं, तेव्हा काकांचा शाळेच्या दिवसांतला कॉम्प्युटर निघाला. दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा. काका एकदम खुलले.

“अगं, यावर मी धून केली होती! आणि ड्रमच्या जागी ताईची शिंक!”

ताई म्हणजे माझी आत्या, काकांची थोरली बहीण. मित्राकडून आणलेलं रेकॉर्डिंगचं डबडं जोडून काकांनी तिची शिंक पकडली होती आणि प्रत्येक ठेक्यावर बसवली होती. आत्यानं त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता म्हणे.

बरीच खटपट केल्यावर कॅसेट चढली. पडद्यावर रंगीत पट्टे नाचायला लागले, पण आवाजाचा पत्ता नाही. काकूनं स्क्रू काढले, भिंगाचा दिवा ओढला आणि थोड्या वेळानं निकाल दिला, “बाकी सगळं ठीक आहे. आवाजाची चिप गेली.”

ती चिप आता कोणी बनवत नाही, हे काकांनी नेटवर शोधून काढलं. जुन्या कॉम्प्युटरांमधून ती उपटून लोक सिंथेसायझरमध्ये, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्यात, बसवतात, हेही कळलं.

“नव्या चांगल्या चिप्स सोडून ही का?” काकूनं विचारलं. “ते सिंथ बनवणाऱ्यांनाच विचार,” काका म्हणाले. झालं! दुसऱ्याच दिवशी ती टायरच्या गोदामावरच्या माळ्यावर, एका सिंथवाल्याच्या कारखान्यात हजर.

सिंथवाला पन्नाशीतला, केस बांधलेला, भिडस्त माणूस. त्यानं दोन एकसारखे सिंथ तिच्यापुढे ठेवले आणि दोन्हींवर एकच पट्टी दाबली. एकातून मडक्यात अडकलेल्या भुंग्यासारखा आवाज आला, दुसऱ्यातून तोच भुंगा मोकळ्यावर आल्यासारखा.

“चिप दोन्हींत एकच?”

“एकच. पण आतला आवाज गाळणारा फिल्टर कारखान्यातच प्रत्येक चिपमध्ये थोडा इकडेतिकडे व्हायचा. कागदावर ती चूक. आम्हाला मात्र त्यातच मजा येते.”

घरच्या कॉम्प्युटरची हकिगत ऐकून त्यानं खणातून एक चिप काढून तिच्या हातावर ठेवली. “ही जरा नंतरची आहे. बसवून बघा. काय होतं ते मला सांगायला या, म्हणजे झालं.”

चिप बसवली. धून वाजली, छान वाजली. फक्त शिंक गायब.

“कॅसेट खराब झाली असणार,” काका हिरमुसून म्हणाले.

काकूनं टीव्हीच्या स्पीकरला कान लावला. “नाही हो. आहे आत. कोणीतरी उशीत तोंड खुपसून शिंकतंय.”

ती पुन्हा माळ्यावर गेली. सिंथवाला हसायलाच लागला. “पहिल्या चिप्समध्ये एक खोड होती. आवाज कमीजास्त केला की दर वेळी बारीक ‘टक्’ व्हायचं. कोणीतरी डोकं चालवलं. हे टक् लहानमोठे करून भराभर एकामागे एक लावले, तर माणसाचा आवाजसुद्धा निघतो. पुढे कंपनीनं खोड दुरुस्त केली.”

“आणि शिंकेचा घसा बसला!”

“बसला. पण चिपच्या एका पायाला एक रेझिस्टर जोडला, की खोड परत येते.”

“जन्मभर लोकांच्या कानातली टकटक काढली,” काकू म्हणाली. “आता मुद्दाम घालू?”

“घाला की!”

तिनं रेझिस्टर जोडला. कॅसेट फिरली, आणि पहिल्याच ठेक्याला अशी सणसणीत शिंक आली की काका खुर्चीतून उठलेच. त्यांनी लगेच आत्याला बोलावून घेतलं. तिनं धून ऐकली आणि कमरेवर हात ठेवले.

“ही माझी शिंक? मी अशी रेकून शिंकत नाही. ही तुझी आहे.”

“माझी कशी असेल? मी बटण दाबत होतो!”

वाद हातघाईवर आला, तेव्हा काकूनं स्वयंपाकघरातून मिरपूड आणली. “दोघंही शिंका. मी ऐकते.”

दोघंही पोटभर शिंकले. काकूनं डोळे मिटून ऐकलं, धून पुन्हा लावली, ठेका सावकाश करून घेतला, आणि मग म्हणाली, “या दोन शिंका आहेत. आधी ताईंची, ती संपायच्या आत तुमची. तुम्हाला दोघांना एकदम शिंक कशी आली?”

काकांनी मिरपुडीची डबी हळूच मागे सरकवली. कानाच्या पाळ्या लाल.

“म्हणजे तू माझ्या नाकासमोर मिरपूड उडवली होतीस!” आत्या ओरडली. “आणि मला सर्दी झाली असं समजून आईनं सहलीला जाऊ दिलं नव्हतं!”

काकांनी बरीच मनधरणी केली. पण धून पुन्हा लावायला आत्यानंच सांगितलं, आणि दुसऱ्या खेपेला ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

काकूनं हे सगळं सिंथवाल्याला जाऊन सांगितलं. एकात एक मिसळलेल्या दोन शिंका तिनं वेगळ्या काढल्या, हे ऐकून त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “माझे कान वरचे सूर सोडायला लागलेत. चिप्स निवडायला कोणीतरी हवं. याल?”

“येईन. पण तुम्ही यंत्र का लावत नाही?”

“बघू,” तो म्हणाला.

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद करून काकू माळ्यावर जायला लागली. प्रत्येक चिपवर एकच पट्टी दाबायची, ऐकायचं आणि आवाजाप्रमाणे चिप त्या त्या डबीत ठेवायची, हे तिचं काम. थंडी संपता संपता सिंथवाला स्वतःच दुकानात आला आणि खुर्चीत बसून त्यानं कानाचं माप दिलं. तयार झालेलं यंत्र लावून तो माळ्यावर परतला, तेव्हा त्यानं आधी पूर्वी नाकारलेल्या चिप्सची पेटी उपसली. त्यातली एक चिप वाजवली, वरचा सूर लख्ख ऐकून पुन्हा वाजवली.

“हिला मी बद्द म्हणून टाकून दिलं होतं,” तो म्हणाला, आणि नव्या सिंथचं झाकण उघडून त्यानं ती तिथल्या तिथे बसवली.