एका घराचं एक आडनाव

“मावशी, सगळ्यायचं आडनाव एकच कसं झालं वं?” प्रभाकरनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“मीच केलं. एका घरात दहा आडनावं बरी दिसत नाहीत.”

त्याचा चेहरा उतरला, तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं बिघडलं आहे.

लकडगंजातल्या त्या लहानशा कॉम्प्युटर ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करायचे. शिक्षण चौथी, नवरा वारलेला, पदरी दोन मुली. प्रभाकर नरखेडकडचा, घरची संत्र्याची बाग भावांवर सोडून प्रोग्राम लिहायला आलेला. इंग्रजी अक्षरं मला त्यानंच शिकवली. फाइलीचं नाव, मग टिंब, मग तीन अक्षरं. “ते तिचं आडनाव समज,” असं त्यानं सांगितलं होतं. एका फाइलीचं नाव बदलायला सांगून तो कागद आणायला गेला, आणि मी फ्लॉपीवरच्या सगळ्यांचंच आडनाव एक करून ठेवलं... त्या दुपारी एका कॉलेजचा निकाल छापून द्यायचा होता. दुसरी प्रत नव्हती. फाइल चालवायची आहे की नुसती यादी आहे, हे मशीन त्या तीन अक्षरांवरूनच ठरवायचं. आता ते काहीच चालवेना.

मालक दारातूनच म्हणाले, “बाईले उद्यापासून येऊ नको म्हना.”

“भाऊ, माह्यंबी नाव लग्नात बदललं,” मी प्रभाकरला म्हणाले. “नवऱ्यानं तांदळावर अंगठीनं लिहिलं. पन माहेरचे तोंड पाहूनच ओळखतात.”

“मंग आपनबी तोंडच पाहू.”

फाइल आतून ओळखता येते, हे त्याला आधीच माहीत होतं. माझ्या शहाणपणाची गरज नव्हती. तो एकेक फाइल उघडून तिची सुरुवात बघू लागला. चालणाऱ्या फाइलीच्या तोंडाशी नेहमी तीच दोन अक्षरं, एम आणि झेड; ती नसली तर यादी. तो सांगायचा, मी कागदावर लिहायचे, मग तो जुनं आडनाव परत लावायचा. चारच्या आत निकाल छापून गेला. मालकांना तो म्हणाला, “आडनाव हा शब्द माहा. चूकबी माहीच.” माझी नोकरी राहिली. दोन्ही मुली त्याच पगारावर शिकल्या.

मागच्या महिन्यात प्रभाकर गेला. त्याच्या बायकोनं मला बोलावून तो कागद दिला, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांचा. इतकी वर्षं त्यानं कशाला जपला, कोण जाणे. मी तो डाळीच्या डब्याखाली ठेवला आहे. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, त्या निकालाच्या दिवसापासून मी झाकण उघडून बघितल्याशिवाय हात घालत नाही.

तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होता. तो गेला. मी आहे.