पाणी आलं तेव्हा संघपालच्या कानात बड्स होते

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत आठ दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, आणि यायच्या आधी नळ खोकतो. पाइपात साठलेली हवा गुरगुरत बाहेर पडते, मग दोनचार थेंब, मग धार. वेळेचा काही भरवसा नाही. म्हणून पाण्याच्या दिवशी तोटी उघडी टाकायची, खाली स्टीलचं ताट ठेवायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. ज्याला खोकला आधी ऐकू येईल त्यानं गल्लीभर ओरडायचं, अशी आमची पद्धत. मग मोटर, पाइप, पिंपं, हंडे आणि भांडणं.

अकरा घरांत हे ओरडायचं काम सुलेखाचं होतं. कुणी नेमलेलं नव्हतं. तिलाच आधी ऐकू यायचं. कुकरची शिट्टी चालू असो, टीव्ही चालू असो, ती पदर खोचत ओट्यावर यायची. "आलं गं बायांनो, आलंऽऽ!" माझा नवरा कारभारी दुपारच्या झोपेतून दचकून उठायचा आणि म्हणायचा, ही बाई एसटीत वाहक असती तर भोंगा काढून टाकला असता.

गेल्या सप्टेंबरात सुलेखा डेंगीनं गेली. पाच दिवसांत.

तिचा नवरा संघपाल आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं विजेच्या मोटारी तपासतो. म्हणजे काय, तर समोर आलेली मोटर चालू करायची, कान द्यायचा आणि सांगायचं, ही ठीक, ही परत पाठवा. आता यंत्र आलंय त्याला, पण यंत्राला शंका आली की यालाच बोलावतात. मी सुलेखाला चिडवायची, "काय गं, तुझी बडबड पण तपासतात का?" ती म्हणायची, "मला पहिल्याच दिवशी पास केलंय, वहिनी. आता माल परत घेत नाय कंपनी." संघपाल कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा.

ती गेल्यावर तो रडला नाही. निदान कुणी पाहिला नाही, आणि माझ्या नजरेतून काही सुटतं असं या गल्लीत कुणी म्हणणार नाही. सकाळी डबा, बस, संध्याकाळी खिचडी. विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर नाही. मध्ये एकदा त्याने पुण्याच्या लेकीला, सोनियाला, फोनवर सांगितलं की घरात लई आवाज होतो. मी मुद्दाम भिंतीपाशी उभी होते असं नाही, कपडे वाळत घालत होते.

"एकटा माणूस आणि कसला आवाज हो, संघपालभाऊ?" मी विचारलं.

"फ्रीजचा. सुरू होतो, बंद होतो."

आठवड्यात सोनियानं कुरिअरनं बड्स पाठवले. बिनतारी, बाहेरचा आवाज बंद करणारे. डबी हरभऱ्याच्या डाळीच्या वडीएवढी. संघपालनं ते कानात घातले आणि चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मीच भिंतीवर कोपर टेकवून तपासणीचा निकाल मागितला. त्याने अगदी कारखान्यात द्यावा तसा दिला.

"पंखा जातो. फ्रीज जातो. कडूबाची पिठाची गिरणी ऐंशी टक्के जाते."

"मग झकासच की!"

"कुत्रं जात नाय. कुकर जात नाय. कान दडपल्यासारखे होतात, घाटात होतात तसे. घास चावला की उजवा पडतो. आणि सगळं बंद झालं की आतून त्याचाच एक बारीक आवाज येतो."

"कसला?"

"तुम्हाला नाय येणार. मला येतो."

"आणि सोनियाचा फोन?"

"मला नीट ऐकू येतं. तिला मी हौदातून बोलल्यासारखा येतो म्हणती." मग म्हणाला, "एक बटण हाय, बाहेरचं ऐकायचं. ते दाबलं की सगळं जग पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखं. मग न घातलेलेच बरे."

"मग काढा की!"

"काढले की फ्रीज हाय."

इथं मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पाठमोरा बसून बूट पुसत होता, कानात बड्स. मी भिंतीवरून म्हटलं, "या टकलावर उन्हात पापड वाळतील." त्याने मागं वळूनही पाहिलं नाही. बुटाला ब्रश मारत म्हणाला, "लाटून आणा, वहिनी."

गल्लीत ही गोष्ट मीच पोहोचवली. पण एक खरं, तो हसला नव्हता.

सुलेखाला जाऊन वर्ष होत आलं तसं रविवारी पुण्यानुमोदन ठरलं. भंतेजी येणार, वंदना, मग जेवण. गंगापूरकडचे पाहुणे धरून पन्नासेक माणूस. सोनिया शनिवारी येणार. पाण्याची पाळी होती शुक्रवारी. ती चुकली तर रविवारी पन्नास माणसांना हात धुवायलाही पाणी नाही, आणि सणावाराच्या गर्दीत टँकरवाला फोनच उचलत नव्हता. संघपालनं शुक्रवारी रजा टाकली. गुरुवारी संध्याकाळी मी बजावलं, "उद्या ती कानातली बोंडं काढून ठेवा. नळाचा खोकला म्हणजे गिरणीचीच जात. ऐकू नाय येणार."

"व्हय," म्हणाला.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी शहागंजहून मसाला घेऊन परतले, तर गल्लीच्या तोंडाशी पायाखाली पाणी. गढूळ नाही, स्वच्छ. आठ दिवसांचं पाणी आमच्या इथं कुणी रस्त्यावर सांडत नाही. मी पाण्याच्या धारेमागं धारेमागं गेले, तर ती संघपालच्या फाटकाखालून येत होती. मागच्या गल्लीत पाणी येऊन अर्धा तास झाला होता म्हणे. आमच्या गल्लीत कुणी ओरडलंच नव्हतं; सुलेखा गेल्यापासून ज्याला कळेल तो आपापलं भरून घ्यायचा. कारभारी घोरत होता, कडूबाची गिरणी चालू होती.

मी आत शिरले. अंगणात सहा हंडे, दोन पिंपं, गुंडाळलेला पाइप, सगळं मांडून ठेवलेलं. ताट भरून वाहत होतं. आणि संघपाल नळासमोर चार फुटांवर खुर्ची टाकून बसला होता. कानात बड्स.

मला काय राग आला! "अहो, बहिरे झालात का? सांगितलं होतं ना मी, काढा म्हणून! पाणी चाललंय सगळं रस्त्यावर!"

त्याने एक बड काढला. "दिसतंय, वहिनी."

"दिसतंय?"

"आलं तेव्हापासून दिसतंय."

"मग उठला का नाही?"

त्याने काढलेला बड मुठीत धरला. नळाकडे बघत म्हणाला, "कुणी म्हटलं नाय ना, आलं म्हणून."

मी मसाल्याची पिशवी खाली ठेवली. मी पाइप सोडवला, मोटर लावली. मग तोही उठला आणि हंडा धरला. चार हंडे भरले आणि धार बारीक झाली. पाचवा अर्ध्यावर राहिला. पिंपं कोरडी.

संध्याकाळी मी घरोघर गेले. कशी गेले ते सांगायची गरज नाही. मी गेले की माणसं लवकर हो म्हणतात. शनिवारी सकाळपर्यंत दहा घरांतून एकेक कळशी, कुठं दोन, कुठं बादली, अशी संघपालच्या ओट्यावर येऊन बसली. ज्यांनी स्वतःच अर्धंमुर्धं भरलं होतं त्यांनीही आणली. रविवारी वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांत पाहुणे जेवले, हात धुतले, सोनिया माझ्या गळ्यात पडून रडली. संघपाल वाढत होता. कानात काही नव्हतं, तरी दोनदा हाक मारावी लागली.

सोमवारी सोनिया पुण्याला गेली. ओट्यावर घासलेल्या कळशांचा ढीग. सगळ्या सारख्याच, तांब्यापितळेच्या, कुणाची कुठली कळेना. मी म्हटलं, "नावं घालून घ्यायला हवी होती."

संघपालनं बड्स काढून डबीत ठेवले. खाली बसला, बोटाच्या पेराने एक कळशी वाजवली. "ही कडूबाची. तळ झिजलाय." दुसरी. "मुक्ताबाईची. भोकाला डाग दिलेला हाय." तिसरी, चौथी. मी पडताळून पाहिलं, प्रत्येक बरोबर. आठ दिवसांनी एकदा, वर्षानुवर्षं, या सगळ्या भरताना त्याने ऐकल्या होत्या.

"आता माझाही आवाज तपासा," मी म्हटलं.

"तपासलाय. तुमचा बंद होत नाय."

शेवटची एकच राहिली. माझी. त्याने वाजवली. पुन्हा वाजवली. मग तळहात ठेवून तिचा आवाज थांबवला.

"ही तुमची नाय."

"माझीच आहे! मी स्वतः भरून आणली."

"आमची हाय. सुलेखानं तुम्हाला दिली होती."

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, माझ्या भाचीच्या लग्नात. परत द्यायची राहून गेली होती. गल्लीतल्या प्रत्येकाचं उसनं माझ्या ध्यानात असतं, माझंच तेवढं नव्हतं. मी कळशीला हात लावला आणि काढून घेतला.

"ठेवा," मी म्हटलं. "तुमचीच आहे."

त्याने ती माझ्याकडे सरकवली. "राहू द्या तुमच्याकडं. आता शुक्रवारची सुट्टी घेतो मी. पाणी आलं की जोरात सांगा."

"मला कुठं तिच्यासारखं ऐकू येतं?"

"मला येतं. मी भिंतीवर वाजवीन. वरडा तुम्ही."

मग त्याने डबी उघडली, दोन्ही बड्स कानात घातले, आणि कडूबाची कळशी उचलून गल्लीत निघाला.